आखाजीच्या गाण्यातला आवाज

धुळ्यात मी अकरावीला मराठी शिकवते. प्रकल्प दिला की आमची पोरं मोबाइलवर पहिलं दिसेल ते पान उघडतात आणि जसंच्या तसं उतरवून आणतात. एकाने तर लोककलेवरच्या प्रकल्पात ‘अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा’ हे वाक्यसुद्धा सुंदर अक्षरात लिहून आणलं होतं. मी तापले. तेव्हापासून दर शनिवारी एक तास मी एवढंच शिकवते, की नेटवर दिसलं म्हणजे खरं नसतं. हे कोण सांगतंय, त्याला कुठून कळलं, दुसरं कोणी तेच सांगतंय का, हे आधी बघा. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे, ‘कशावरून?’ पोरं वहीत उतरवून घ्यायची, पण विचारायची कोणालाच नाहीत. मोठ्यांना ‘कशावरून’ विचारणं आमच्याकडे उद्धटपणात जमा होतं.

गेल्या वर्षी शिंदखेड्याकडच्या एका मुलीने आखाजीची गाणी हा विषय घेतला. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. सासुरवाशिणी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात आणि झोक्यावर बसून गातात. तिला यूट्यूबवर एक जुनं गाणं सापडलं होतं. कोणीतरी घरच्या कॅसेटी तिथे चढवल्या होत्या आणि खाली एवढंच लिहिलं होतं, ‘दोंडाईचा भागातल्या बाया’. तिने ते वर्गात लावलं. एक बाई गात होती, बाकीच्या मागून उचलत होत्या. गोड, बारीक आवाज. मी फळ्यावर काय लिहीत होते तेच विसरले.

आईचं माहेर दोंडाईच्याजवळचं. मी नऊ वर्षांची असताना ती गेली. तिचे फोटो आहेत, लग्नातला, शेतातला, एक मला कडेवर घेतलेला. आवाज कुठेच नाही. तेव्हा मोबाइल नव्हते, आणि माणसाचा आवाजही जपून ठेवायचा असतो हे आम्हाला कोणी सांगितलं होतं? तिचे शब्द आठवतात, रागावणं आठवतं, आवाज मात्र पार पुसला गेला. त्याच्यासाठी मी किती झुरलेय ते माझं मला ठाऊक. मामाच्या गावी एका आखाजीला एक माणूस टेपरेकॉर्डर घेऊन आला होता, हे मला पक्कं आठवत होतं. झालं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

आठवडाभर मी ते गाणं ऐकत होते. कणीक मळताना, स्कूटी लावून कॉलेजच्या आवारात उभी राहून. ज्याने ते चढवलं होतं त्याला मेसेज केला, उत्तर आलं नाही. पुढच्या शनिवारी राहवलं नाही आणि वर्गाला सांगून टाकलं, “त्या गाण्यातली बाई माझी आई आहे.”

मग त्याच मुलीने हात वर केला. “मॅडम, कशावरून?”

खरं सांगते, मला राग आला. इतके महिने विचारा, विचारा म्हणून घसा कोरडा केला, आणि यांनी पहिल्यांदा विचारलं ते मला, तेही यावर! मी टेपरेकॉर्डरवाल्या माणसाची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली. मग म्हणाली, “मॅडम, या गाण्यात बाई भावाचं नाव घेते. जिची पाळी, तिच्या भावाचं. आमच्या गावात अजून तसंच म्हणतात. तुमच्या मामांचं नाव काय?”

गाण्यात नाव स्वच्छ ऐकू येत होतं. आठवडाभर येत होतं. मी मामाचं नाव सांगितलं. ते हे नव्हतं.

“चुलत मामा असेल,” मी म्हणाले.

“असतील, पण विचारावं लागेल ना, मॅडम.”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं कोणी म्हणालं नाही, पण मला ते ऐकू आलं.

मधल्या सुट्टीत मामाला गाणं व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि थोड्या वेळाने फोन लावला. मामा आईहून धाकटा, आता सत्तरीच्या पुढे गेलेला. आईला तो अक्का म्हणायचा.

“नई वं माय, हाई अक्का नई,” तो म्हणाला. “अक्काना आवाज जाडा व्हता. बाया तिले गाऊ दे नईत, झोका लोटाले लावत.”

म्हणजे तो गोड आवाज मीच तिला देऊन टाकला होता. आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं.

“तू बोलस ना, तशीच बोले ती,” मामा म्हणाला. “तुना फोन येस तव्हय घडीभर माले अक्काच वाटस.”

एका म्हाताऱ्या माणसाची साक्ष, तीही इतक्या वर्षांनंतरची. माझ्याच नियमाने ती पुरेशी नाही. दुसरी मी शोधली नाही.

सोमवारी पहिल्या तासाला हजेरी घेतली. साठ नावं, एकेक सावकाश, मोठ्याने घेतलं आणि माझाच आवाज कान देऊन ऐकला. पोरांना वाटलं, मॅडम अजून शनिवारच्या रागात आहेत.