कूलरच्या भरवशावर

प्रमोदभाऊ दुकानात शिरले की आधी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला उलटा हात लावायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा. मी सकाळी येऊन मशीन सुरू केलेलं असायचं. "बरं आहे आज," असं स्वतःशीच म्हणून ते चहा सांगायचे, आणि मग कुठे त्यांना मी दिसायचे. नागपूरच्या महाल भागातल्या एका बोळात आमचं लग्नाच्या व्हिडिओचं भागीदारीतलं दुकान. शूटिंग आणि एडिटिंग त्यांचं, अल्बम आणि गिऱ्हाइकांची कटकट माझी.

नवं मशीन घेणं भाऊंना कमीपणाचं वाटे. कंपनी प्रोसेसरचा एक वेग ठरवून देते. तो वाढवून त्याच मशीनकडून जास्त काम काढायचं, ह्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, हे मला त्यांनीच शिकवलं. वेग वाढवला की वीज जास्त द्यावी लागते, वीज वाढली की मशीन तापतं, आणि फार तापलं की कधी अडकतं, कधी बंद पडतं, कधी गुपचूप चुका करतं. "बंद पडलं तं परवडलं वं अर्चना," ते म्हणायचे, "चुकून राहिलं अन् सांगून नाही राहिलं, ते बेक्कार." इतकं सगळं कळायचं त्या माणसाला! पण स्वतःच्या मशीनचा विषय निघाला की एकच पालुपद: "अजून निघते ना यातून. जीव आहे त्याच्यात."

आता नागपूरचा मे महिना आणि त्यात लग्नसराई. दुकानात एकच कूलर, आणि त्याच्यासमोर कोण? आम्ही नाही. एका बाजूचं झाकण काढलेलं कॅबिनेट! ओल लागू नये इतक्या अंतरावर, पण गार वारा थेट आत जाईल असं त्यांनी ते बसवलं होतं. आम्ही दोघं कोपऱ्यात घाम पुसत बसायचो. वेग वाढवला की ते टेस्ट लावायचे, म्हणजे प्रोसेसरला तासन्‌तास पूर्ण कामाला जुंपायचं आणि तो टिकतो का ते बघायचं. टेस्ट नेहमी सकाळी, कूलरची टाकी काठोकाठ भरून, खसाच्या ताट्या निथळत असताना. मशीन पास व्हायचं. भाऊ मिशीत हसायचे.

"भाऊ, एकदा कूलर बंद ठेवून दुपारी लावून पाहा ना," मी म्हणायचे.

"काहून? कूलर आहे ना आपल्याजवळ."

ह्या उत्तरावर मी हसायचे. खरंच पटायचं मला ते.

एका वर्षी जवळच्या कुही गावचं एक लग्न आमच्याकडे होतं. नवरीची आई वनिताबाई, धानाची शेती करणाऱ्या घरातली, बोलायलाही बिचकणारी. मुलीसाठी तिने स्वतः मंगलाष्टक रचलं होतं. ऐन वेळी नणंदांनी तिला ढकलत स्टेजवर नेलं. तिने माईक दोन्ही हातांनी धरला आणि ती गायली. मांडवातली पोरंसोरं गप्प झाली. कॅमेऱ्यामागे भाऊंनी डोळे पुसलेले मी पाहिले. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला, "माह्यं गाणं कसं आलं भाऊ? मले आयकाचं आहे. मी काय गायली, मलेच नाही आठवत."

तो फोन आला तेव्हा कॅमेऱ्याच्या कार्डावरचं शूटिंग मशीनमध्ये उतरवणं चालू होतं. दुपार होती. सकाळपासून नळाला पाणी नव्हतं. कूलरची टाकी आटली होती, ताट्या कडकडीत वाळल्या होत्या आणि पंखा बाहेरची झळ उचलून नेमकी कॅबिनेटवर फेकत होता. मी म्हटलं, "भाऊ, बंद करा थोडा वेळ." ते म्हणाले, "एवढी कॉपी होऊ दे." मशीन अडकलं, आपोआप पुन्हा सुरू झालं. त्यांनी कॉपी परत लावली. फाइलचा आकार बरोबर दिसला. संध्याकाळी दुसरं लग्न होतं, कार्ड हवं होतं. उतरवलेलं सगळं चालवून बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, हा त्यांचाच नियम. त्यांनी कार्ड पुसलं.

पुढच्या आठवड्यात फाइल उघडली तेव्हा वरात होती, जेवणावळ होती, सगळं होतं. फक्त वनिताबाई तोंड उघडते आणि पडद्यावर हिरवे चौकोन पसरतात. आवाज नाही. भाऊंनी ते पुन्हा पुन्हा लावलं. मग कॅबिनेटकडे पाठ करून बसले.

स्कूटरवरून कुहीला जाताना ते वाटेत मला विचारत होते, "कार्ड खराब निघालं म्हणू का?" आमच्या धंद्यात सगळे हेच म्हणतात. मला लाज वाटत होती, पण नको असंही तोंडातून निघेना.

वनिताबाईने आम्हाला पाट दिले, सरबत दिलं. टीव्हीसमोर शेजारच्या बाया येऊन बसल्या होत्या. आम्ही पेनड्राइव्ह आणला असेल असं त्यांना वाटलं. भाऊंनी पेला खाली ठेवला. "ताई, गाणं गेलं. कार्ड चांगलं होतं. मशीन मी जास्त पळवत होतो. तापलं होतं, मले दिसत होतं. तरी नाही थांबलो." बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. भाऊंची मान खाली ती खालीच. हात जोडून म्हणाले, "पुन्हा गाता का ताई? मी उद्याच कॅमेरा घेऊन येतो."

वनिताबाईने पदर सारखा केला. आवाज चढवला नाही. "नाही जी भाऊ," ती म्हणाली. "तेवढी एकच वेळ हिंमत झाली होती."

आणि सरबत पिऊन घ्या म्हणाली. पाहुण्यासारखं वागवलं हो आम्हाला. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परत आल्यावर भाऊंनी वेग कंपनीने दिला होता तेवढ्यावर आणून ठेवला. कॅबिनेटला हात लावणं बंद झालं. दुकानात आले की नुसते खुर्चीत बसायचे. कुहीकडचं काम आलं की मला म्हणायचे, "तूच बोल वं त्यांच्याशी." पुढे ते मुलाकडे रायपूरला कायमचे गेले. जाताना सगळं माझ्यावर सोपवलं, फक्त एक गोष्ट बजावली, "ते फाइल पुसजो नको."

"चालत तर नाही ती, भाऊ."

"तेच तं. कोणी मशीन पळवू म्हटलं का लावून दाखवजो."

ह्या उन्हाळ्यात एडिटिंगला एक नवी मुलगी ठेवली आहे. हुशार आहे. परवा म्हणाली, "मॅडम, किती स्लो आहे हे! थोडं वाढवते ना. कूलर तं आहे समोर."

मी फाइल लावली. वनिताबाई माईक धरते, घसा साफ करते, मुलीकडे बघते, तोंड उघडते. हिरवे चौकोन.

"आवाज कुठे आहे मॅडम?" तिने विचारलं. "कूलरच्या भरवशावर गेला," मी म्हटलं. कूलरमध्ये पाणी आहे का ते बघायला मी उठले.