पारडी वाजली नाहीत तेव्हा

माझी भाची लहानपणापासून भित्री. आईबाप गेल्यापासून माझ्याकडेच राहते. घरात तिला आम्ही ससाच म्हणायचो. कुत्रा दिसला की रस्ता बदलणार, लिफ्टमध्ये एकटी चढणार नाही. आणि असल्या मुलीला नोकरी लागली कुठे, तर पालिकेच्या प्लास्टिकविरोधी पथकात. बाजारात शिरायचे, पातळ पिशव्या शोधायच्या, जप्त करायच्या, दंडाची पावती फाडायची.

पथक म्हणजे ही आणि एक ड्रायव्हर. तो गाडीतून उतरत नाही. "गाडी कोण सांभाळणार, मॅडम?" म्हणतो. जणू गाडीच पळून जाणार आहे.

मासळीबाजारात ही दिसली की पहिली मासेवाली तराजूच्या पारड्यावर वजन आपटते. मग दुसरी, मग सगळ्या. तेवढ्यात पिशव्या बर्फाखाली गडप. घरी माझ्या हातून वाटी पडली तरी पोरगी दचकायची.

"सोड ती नोकरी," मी म्हणायचे.

"आणि खाऊ काय, मावशी? तुझे टोमणे?" अजून कायम झालेली नाही ना. कारवाई दाखवली नाही तर घरी बसवतील.

काल पारडी वाजलीच नाहीत. ती आत गेली आणि मागे शटर खाली आले. बायका हातात सुऱ्या घेऊन गप्प उभ्या. त्यांतल्या थोरलीने, जिच्याकडून मी वर्षानुवर्षे मासे घेते, स्वतःच बर्फ बाजूला सारला. खाली पिशव्यांची चळत.

"फाडा ना पावती, बाई," ती गोड आवाजात म्हणाली. "मावशी बऱ्या आहेत ना तुमच्या? दुपारी एकट्याच असतात. दुसऱ्या मजल्यावर."

भाचीने पावती फाडली. पेन दोनदा हातातून पडले. मग कोणीतरी शटर वर केले. तिला कोणी बोटही लावले नाही.

हे तिने मला स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच सांगितले. मी हसले. "अगं, ती माझ्याशी काट्यांवरून भांडते. मला काय करणार?" पण बोलताबोलताच ध्यानात आले, माझा मजला मी तिला कधी सांगितलेला नाही.

आज सकाळी ही पुन्हा निघाली.

"नको जाऊस," मी म्हटले. जन्मभर तिला धीट हो म्हणून हिणवणारी मी.

"न जाऊन कसं चालेल? आजही तोच बाजार आहे." चपलेचा पट्टा तिला तिसऱ्या खेपेला लागला. "मी गेले की आतून कडी लाव. बेल वाजली तर आधी भोकातून बघ."

ती जिना उतरली. मी कडी लावली. मग वरची पण लावली.