नाना अकरा वेळा मेले

नानांना मरायला फार आवडे. घाटातून उतरणाऱ्या एसटीला उशीर झाला आणि वाट बघून माणसं कंटाळली, की पोलादपूरच्या स्टँडवर नाना छातीवर हात दाबत, दोन पावलं अडखळत आणि धाडकन मातीत पडत. नवखा माणूस पाणी आणायला धावे. तो परत येईस्तोवर नाना उठून धोतर झटकत असत आणि त्यालाच विचारत, "कसा पडलो? आदी गुडघा टेकला का खांदा?" आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीत शाळामास्तर म्हणून मी गेलो, त्या पहिल्या दिवशी पाणी आणायला धावलेला शहाणा मीच होतो. मला उत्तर देता आलं नाही. नानांनी मान फिरवली आणि वाडीपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

ते सिनेमात होते. मूकपटाच्या काळात मुंबईला जाऊन एका स्टुडिओत लाकडी किल्ले उभे करायच्या कामाला लागले. एकदा तटावरून पडायचं होतं आणि कोणी पडेना. नाना म्हणाले, मी पडतो. आमच्या डोंगरात वाढलेल्या माणसाला पडायचं कसं हे शिकवावं लागत नाही. तिथून ते पडद्यावर आले. पहारेकरी झाले, मावळा झाले, राजाचा इमानी नोकर झाले आणि प्रत्येक चित्रपटात मेले. बोलपट आला तेव्हा त्यांची पंचाईत झाली. तोंड उघडलं की 'नाय' आणि 'हाय' बाहेर पडे, म्हणून त्यांना बोलायच्या आत मारायला लागले. "बाकीच्यांना बोलपटात जीभ मिळाली, माजी होती ती गेली," असं ते म्हणत. पण म्हणताना चेहरा पडलेला नसे. उलट हनुवटी जरा वरच येई.

चित्रपटगृहात विकत मिळायची ती पातळ पुस्तिका त्यांनी प्रत्येक चित्रपटाची जपून ठेवली होती. नटांच्या यादीत शेवटी 'आणि इतर' असं छापलेलं असे. त्यावर बोट ठेवून ते सांगत, "ह्यो मी." कोणी 'एक्स्ट्रा' म्हटलं तर मात्र खवळत. "एक्स्ट्रा म्हंजे जास्तीचं. जास्तीचं ताटात टाकतात. मला काढून बघा, मग राजा मरतो का नाय ते."

मरण्याबद्दल त्यांची मतं पक्की होती. डोळे उघडे ठेवून मेलं पाहिजे, कारण मिटून कोणीही मरतो. एकदा नाकावर मुंगी चढली, दिग्दर्शक 'कट' म्हणेना, आणि मुंगी कपाळ ओलांडून केसांत गेली तरी आपण पापणी हलवली नाही, हे त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितलं असेल. "रडणाऱ्याकडं लोक आपनहून बघतात, गुरुजी. मरणाऱ्याला बघायला लावावं लागतं."

ह्याच हट्टाने त्यांचा घात केला. अकराव्या चित्रपटात त्यांची तिरडी निघायची होती. दिग्दर्शकाने गवताचा पुतळा बांधून ठेवला होता. नाना अडून बसले. गवताला कोण रडणार? ते स्वतः तिरडीवर निजले, सुतळीने बांधून घेतलं, आणि चौघांनी त्यांना खांद्यावरून नेलं. गिरणीत कामाला असलेल्या आमच्या वाडीच्या चाकरमान्यांनी तो चित्रपट पाहिला आणि शिमग्याला आले ते बातमी घेऊनच. "नानांना तिरडीवर बांधलेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलं," असं ते सांगत सुटले.

नानांच्या घराला गावदेवीच्या पालखीचा मान होता. पालखीला चार खांदे, पुढे दोन आणि मागे दोन. पुढच्या दोनातला एक खांदा पिढ्यान्‌पिढ्या ह्या घराचा. गावकीचे म्होरके धोंडूतात्या. सरळ माणूस, पण दगडावरची रेघ. त्यांनी जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. त्यांनी पंच बसवले आणि निकाल दिला: ज्याची तिरडी एकदा उचलली, तो माणूस देवीची पालखी उचलू शकत नाही. नानांनी चूक कबूल करावी, पुन्हा तिरडीवर निजणार नाही असं लिहून द्यावं, मग देवी पदरात घेईल. नाना म्हणाले, "काम केलं. चोरी नाय केली." आणि बैठकीतून उठून गेले. त्यांचा खांदा दुसऱ्या घराला दिला गेला.

हे सगळं मी जायच्या आधीचं. मी पाहिलं ते पुढचं. स्टुडिओ बंद पडल्यावर नाना कायमचे गावी आले होते. दर शिमग्याला ते नवं धोतर नेसून पालखीच्या दहा पावलं बाजूने चालत. ढोलाच्या ठेक्यावर त्यांचं पाऊल बरोबर पडे, उजवा खांदा किंचित खाली झुके, आणि त्या खांद्यावर काहीच नसे. मला ते बघवत नसे. त्यांना तो खांदा किती हवा होता हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

म्हणून एका वर्षी धोंडूतात्यांनी माझ्याकरवी पुन्हा निरोप धाडला तेव्हा मी उत्साहाने कागद लिहून काढला. 'सिनेमात तिरडीवर निजलो ही माझी चूक झाली, पुन्हा असे करणार नाही.' नानांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"अक्षर झ्याक हाय, गुरुजी. मजकूर खोटा हाय."

"एक सही करा नाना, पालखी तुमच्या खांद्यावर येते. देवीला काय कळतंय कागदातलं?"

"देवीला कळत नसंल तर लिवायचं कशापायी?" मग म्हणाले, "तुमी पोरांना पाढे शिकवता. त्याची माफी मागा म्हनलं तर मागाल?"

मला राग आला. पाढे आणि सोंग ह्यांत फरक असतो, असं मी बोलून गेलो. त्या वाक्याची लाज मला अजून वाटते. काकी, म्हणजे नानांची बायको, चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्यापुढचा चहाचा कप उचलून आत नेला. मी पुरता प्यालोही नव्हतो.

त्याच महिन्यात मुंबईहून पत्र आलं. जुना दिग्दर्शक पुन्हा उभा राहिला होता. गडाच्या म्हाताऱ्या दरवानाचं काम होतं. मरायचं होतं, तिरडीही होती. पण त्याआधी बोलायचं होतं, आणि जसं बोलता तसंच बोला, असं त्याने लिहिलं होतं. शूटिंग नेमकं शिमग्यात. पालखी वाडीत फिरत होती त्या सकाळी नाना ट्रंक घेऊन स्टँडवर उभे होते. मी सोडायला गेलो होतो. ढोल लांबून ऐकू येत होता. मी म्हटलं, "नाना, एवढ्या वर्षांनी तात्या नरमले होते." ते म्हणाले, "ते नरमले न्हवते, मी नरमायची वाट बगत होते. चला, बाराव्यांदा मरून येतो." एसटीत चढताना ते हसत होते.

ते आले नाहीत. काम पुरं केलं आणि पंधरा दिवसांनी पुतण्याच्या खोलीत झोपेतच गेले. तार आमच्यापर्यंत पोचायला दोन दिवस लागले. तोवर पुतण्याने आणि मुंबईच्या लोकांनी त्यांना पोचवलंही होतं. वाडीतून एकही माणूस तिथे पोचला नव्हता.

पावसाळा संपल्यावर महाडला तंबूत तो चित्रपट लागला. अख्खी वाडी गेली. धोंडूतात्याही आले, का ते कोणी विचारलं नाही. पडद्यावर गडाचा दरवाजा, पुढे शत्रूचे घोडेस्वार आणि मध्ये नाना. "दार उघडनार नाय," नाना म्हणाले. आमच्या बोलीत, आमच्या आवाजात. भाला लागला. आधी खांदा टेकला, मग गुडघा, आणि डोळे उघडे राहिले. मग तिरडी निघाली. धोंडूतात्या उठून उभे राहिले. टोपी काढून त्यांनी हात जोडले. मागून महाडची मंडळी ओरडायला लागली, बसा खाली, दिसत नाही. तात्या बसले नाहीत. मग आमची सगळी वाडी उभी राहिली. मीही राहिलो, आणि मला रडू आवरलं नाही.

बाहेर आल्यावर तात्या म्हणाले, "खांदा द्यायचा ऱ्हायला, गुरुजी."

पुढच्या शिमग्याच्या आदल्या दिवशी ते मला घेऊन काकींच्या दारात गेले. घराचा मान पुन्हा सुरू करायचा, पुतण्याला मुंबईहून बोलवा, कागदबिगद काही नको, असं म्हणाले. काकी उंबऱ्यातून बाहेर आल्या नाहीत.

"ते होते तवा कागद लागत होता. आता ते नाय, तर कागद नको?"

तात्या पायरी उतरून अंगणात उभे राहिले. काकी पुढे म्हणाल्या,

"देवी दारात आली की मी नारळ ठेवीन. पर म्होरला खांदा रिकामा चालवा. कुनी इचारलं, तर कुनाचा हाय ते सांगा."

तात्या हो म्हणाले. आता तात्या नाहीत, काकी नाहीत. आमच्या वाडीची पालखी अजून तीन खांद्यांवर फिरते. पुढच्या एकट्या माणसाला जड जातं. जाऊ दे.