मागे बघून सांग, किती बोटं?

निरोप आला तेव्हा मी बाल्कनीत परबदादांच्याच सायकलीत हवा भरत होते. दर पंधरा दिवसांनी दोन्ही चाकं बघायची, असं सुट्टीवर जाताना ते बजावून गेले होते. फोन दोनदा वाजला, मी पंप सोडला नाही. मग हात पुसून पाहिलं. आमच्या शुक्रवारच्या सायकल ग्रुपवर थॉमसने लिहिलं होतं की परबदादा आज पहाटे कुडाळजवळच्या आपल्या घरी, झोपेतच गेले... मी फोन खाली ठेवला आणि मागच्या चाकात राहिलेली हवा भरून टाकली. दुसरं काय करायचं ते सुचलंच नाही.

याला आता दीड महिना झाला. परबदादा इथे बहरीनला, मुहर्रकमध्ये राहायचे. विमानतळावर सामान ओढणाऱ्या गाड्या दुरुस्त करण्याचं त्यांचं काम, पंचवीसेक वर्षं एकाच खात्यात. शिफ्ट कुठलीही असो, शुक्रवारी पहाटेची फजरची अजान संपता संपता ते पुलापाशी उभे दिसायचे. आमच्या घोळक्यात थॉमससारखे केरळचे लोक, दोन फिलिपिनो नर्स, एक बहरीनी शिक्षक आणि आम्ही चार-पाच मराठी. पुढारी असा कुणी नेमलेला नव्हता, पण दादा पुढे असायचे आणि बाकीचे त्यांच्या मागे. थंडीत वर्षातून एकदा हा घोळका मुहर्रकहून निघून सनद, रिफा, सखीर अशी गावं करत बेटाच्या पार दक्षिण टोकाला जाऊन परत यायचा. त्याला सगळे ‘फेरा’ म्हणत. मला तो फेरा करायचा होता. पंचेचाळिशी ओलांडलेली, झिंजच्या फ्लॅटमधून ऑफिस आणि ऑफिसमधून फ्लॅट एवढाच प्रवास करणारी मी बाई. एकदा तरी स्वतःच्या पायांनी हे बेट पार करीन, या हट्टाला मी पेटले होते.

मी इमारतींचे सांगाडे तपासणारी इंजिनियर, त्यातून पुण्याची. सायकल घ्यायची म्हणजे मी आधी एक्सेल शीट केली. वजन, गिअर, ब्रेक, फ्रेम, चाकांची जाडी... शीटमध्ये जिंकली ती काळीभोर, कार्बनची, शर्यतीची सायकल. ती घेऊन मी ऐटीत परबदादांपुढे गेले. त्यांनी सायकलीकडे धड पाहिलंही नाही. म्हणाले, “चालव बघू. चालवता चालवता पाणी पी. बाटली जाग्यार ठेव. आता मागे बघून सांग, किती बोटां?”

ही त्यांची परीक्षा. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ती द्यावी लागे, आणि माणसाची नसून ती सायकलीची परीक्षा आहे असं ते म्हणत. मी मान वळवली, त्याबरोबर सायकलही वळली आणि मी फुटपाथला जवळजवळ धडकलेच. “तीन,” मी म्हणाले. त्यांनी दोन बोटं धरली होती.

“सायकल झ्याक हा,” ते म्हणाले. माझ्याशी बोलताना ते मालवणी जरा पातळ करायचे. “पण ही एकट्यान पळवूची. तुझे हात आखूड, तू हँडलार ओणवी पडतंस. ही तुका मान वळवूक देणा नाय. आणि गो बाय, घोळक्यात मागे कोण हा ता बघूक नको?”

मी हसून म्हणाले, “सवय होईल, दादा.” माझ्या शीटमध्ये माझ्या हातांच्या लांबीचा रकानाच नव्हता, हे कबूल करायला मी तयार नव्हते. त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं, मग विषय सोडला. त्यानंतर सरावाच्या दिवशी मात्र ते आपली पुढची जागा सोडून माझ्या शेजारून चालवायला लागले, गाड्यांच्या बाजूने. मला वाटलं, बाई म्हणून काळजी घेतात.

तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी सखीरच्या रस्त्यावर समोरून वारा होता. बाकीचे पुढे निघून गेले होते. मागून हॉर्न वाजला, मी वळून पाहिलं आणि ती काळी सायकल माझ्यासकट दादांवर गेली. माझं हँडल त्यांच्या कोपरावर बसलं. मी कशीबशी सावरले, दादा पडले. गळपट्टीचं हाड मोडलं होतं, तरी रस्त्याच्या कडेला बसून ते आधी मलाच विचारत होते, “लागला काय गो?” तोवर बाकीचे माघारी आले. थॉमसने विचारलं, काय झालं? मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाले, “बॉटल निकाल रहा था, हाथ फिसल गया. मेरी गलती है, खलास.”

आणि मी गप्प राहिले.

संध्याकाळी हॉस्पिटलात मी रडतच गेले. ते म्हणाले, “हाड काय, जुळतला. पण आज सगळ्यांनी तुका बोल लावलो असतो, तर तू परत सायकलीर बसूचंस नाय. तुझो फेरो पुरो होऊ दे. मगे सांग त्यांका.” मी शपथ घेतल्यासारखी मान हलवली.

हात बरा झाल्यावर त्यांनी मला मुहर्रकच्या बाजारातल्या एका जुन्या दुकानात नेलं. मला भिंतीला टेकून उभं केलं, हात पुढे धरायला लावले, ऑफिसची बॅग कुठल्या खांद्यावर असते तेही विचारलं. मग कोपऱ्यातून एक शेवाळी रंगाची, वापरलेली सायकल काढली. चाकं जरा जाड, हँडल जवळ आणि उंच. रंग बघून मी नाक मुरडलं. पण पाठीमागच्या गल्लीत चालवून पाहिली, पाणी प्यायले, मागे वळले. “चार!” मी ओरडले. चारच होती. सायकल सुतासारखी सरळ चालली होती. सीटची उंची बिघडू नये म्हणून त्यांनी दांडीवर लाल इन्सुलेशन टेपचा वेढा मारला. तो अजून तिथेच आहे.

त्या सायकलीवर मी फेरा पूर्ण केला. पहिल्या वर्षी परतताना रडवेली होऊन, पण केला. पुढच्या वर्षी हसत केला, त्याच्या पुढच्या वर्षीही. आणि सांगितलं मात्र नाही. दादांचं वय झालं, हात सुटायला लागले, असं सगळे मायेनेच म्हणत होते. पुढची जागा थॉमसकडे गेली, दादा आपण होऊन घोळक्याच्या शेवटी चालवू लागले. ज्या माणसाने आयुष्यात कुणाला धक्का लागू दिला नाही, त्याची पुढची जागा माझ्यामुळे गेली आणि मी ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं. आज नको, पुढच्या शुक्रवारी सांगू... अशी चार वर्षं गेली. ते मागून मजेत ओरडायचे, “बाय, किती?” मी वळून बोटं मोजायची. एकदाही त्यांनी त्या कबुलीची आठवण करून दिली नाही. इतकं मोठं मन मी दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही, आणि त्या मनाचा मी फायदा घेतला.

सुट्टीवर निघताना ते आपली उंच जुनी सायकल माझ्याकडे ठेवायला आले. त्यांच्या खोलीत रंगकाम निघालं होतं. चहा झाला. आता विषय काढतील असं वाटून मी बशीकडे बघत बसले. ते उठले, सायकलीच्या सीटवर एकदा हात फिरवला आणि म्हणाले, “हवा बघ गो मधी मधी. इंशाल्ला, महिन्यान येतंय.”

ते वारल्याचा निरोप आल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी सगळे पुलापाशी जमले. दोन मिनिटं शांत उभे राहिलो. मग मी सांगितलं, हिंदीत, सगळ्यांना कळेल असं. हॉर्न, वळणं, कोपर, सगळं. थॉमस स्वतःच्या पुढच्या चाकाकडे बघत होता. मग त्याने हळूच विचारलं, “तो फिर इतने साल मैं आगे क्यों चल रहा हूँ?”

याचं उत्तर दादा असताना द्यायचं होतं.

त्या दिवसापासून मी शेवटी चालवते. कुणी सांगितलेलं नाही, कुणी अडवलंही नाही. घरी त्यांच्या सायकलीत दर पंधरा दिवसांनी हवा भरते. मुलगी म्हणते, “आई, नोबडी इज गोइंग टु राइड दॅट.” खरं आहे. मी एकदा बसून पाहिलं, पाय जमिनीला पोचत नाहीत. त्यांच्या घरच्यांनी ती इथेच राहू दे म्हणून कळवलंय.

सनद मागे पडलं की रस्ता मोकळा होतो. समोर मला सगळ्यांच्या पाठी दिसतात, माझ्या मागे आता कुणीच नसतं. तरी तिथे आलं की माझी मान वळते, मोकळ्या रस्त्यावर बोटं शोधते... आणि सायकल सरळच चाललेली असते.