सुंदराबाईंची मशेरी

लालबागच्या चाळीत सुंदराबाईंच्या तोंडाला सगळे वचकून असत. गिरणीच्या सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातल्या खडखडाटावर त्यांचा आवाज चढायचा, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात त्यांनी घोषणा दिली की बंदोबस्ताचे पोलीससुद्धा कान चोळायचे.

नात चंपाच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज झाली, तेव्हा त्या तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी गंधकाचं मलम दिलं आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायला सांगितलं.

"सगळ्यांनी? आमी काय आंघोळी करत नाय?" सुंदराबाई कडाडल्या.

डॉक्टरीणबाई त्या उघड्या तोंडाकडे बघतच राहिल्या. हिरड्या सुजलेल्या, आणि गालाच्या आत पांढरा चट्टा.

"मशेरी लावता?"

"लग्नाआधीपासनं."

"आजपासून बंद. भाजलेली असली तरी तंबाखूच ती. दीड महिन्यात चट्टा गेला तर ठीक. नाही गेला तर मोठ्या हॉस्पिटलात तुकडा काढून तपासावा लागेल."

मोठ्या हॉस्पिटलात गेलेली खात्यातली एक बाई परत आली नव्हती. घरी सुंदराबाईंनी मलमाचं सांगितलं, चट्ट्याचं नाही. "मला कुठं खाजतंय?" म्हणणाऱ्या मुलाला, जयवंतलाही धरून मलम चोळलं.

सकाळी गॅलरीत बायका मशेरीचं बोट दातांवर फिरवत गप्पा हाणायच्या, तेव्हा या आत कडुनिंबाची काडी चावत बसायच्या. आठवडाभर डोकं ठणकलं, सुनेची उगाच खरडपट्टी निघाली. दिवसातून दहादा जीभ गालाला लावून चट्टा गेला का ते चाचपायच्या.

दीड महिना भरला. त्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसल्या, केसांना तेल लावलं. पण न्याहारीला सुकट खाल्लेलं तोंड डॉक्टरीणबाईंना दाखवायचं कसं? शेजारच्या, त्यांच्याच खात्यात कामाला असलेल्या कौसल्येकडून चिमूटभर मशेरी मागून आणली आणि दात चांगले खसाखसा घासले.

दवाखान्यात नर्स जसिंताने तोंड बघितलं आणि कपाळावर हात मारला. "मावशी, हे काय केलंत?"

"तोंड स्वच्छ करून आले," असं म्हणता म्हणता सुंदराबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. जसिंता खुर्ची धरून हसायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी तीनदा चूळ भरायला लावली. बॅटरी मारून बराच वेळ बघितलं.

"चट्टा गेला. पण पुन्हा चिमूटभरही नको."

सुंदराबाईंना रडूच फुटलं. "लई भ्याले होते हो बाई."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी खात्यातल्या बायकांना ओळीत बसवलं. "आ करा गं!" नाही म्हणायची कुणाची टाप होती? पाचवी कौसल्या. तिच्या गालाआड पांढरं दिसलं, तसा सुंदराबाईंनी दवाखान्यात न्यायला तिचा हात धरला.

कौसल्या हात सोडवायला लागली. "मला नाय जायचं, सुंदराक्का. काय निघालं तर?"

"मला पण असंच वाटलं होतं. चल, मी बसते तुझ्याजवळ," सुंदराबाई म्हणाल्या, आणि संध्याकाळी पाळी सुटताच धरलेलं तिचं मनगट त्यांनी दवाखान्याची पायरी चढेपर्यंत सोडलं नाही.