उजवी पाकळी

धारगळातल्या आमच्या जुन्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि बाबांच्या ब्लडप्रेशरसाठी नवा डॉक्टर निवडायची वेळ आली. मी म्हणत होते, देवळाजवळच नव्याने बसलेल्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. आईला म्हापशाचे मोठे डॉक्टर हवे होते. शेवटी ती म्हणाली, "हातगुण कोणाचा, ते देवच सांगेल." आणि आम्हांला कौल घ्यायला देवळात घेऊन आली. कौल मोडणाऱ्या माणसांशी आई बोलतसुद्धा नसे.

भटजींनी मूर्तीवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर इथल्या बाई, डावी पडली तर म्हापसा. आई हात जोडून, डोळे मिटून बसली. मी पाकळ्यांवर नजर लावून उभी. एकही हलेना. माझं डोकं तापलं. डॉक्टर निवडायचा बाबांसाठी, आणि तोंड बघत बसायचं फुलाचं!

चिडून मान वळवली तेव्हा बाबा दिसले. ते खांबाला टेकले होते, शर्ट घामाने चिंब झाला होता, हात छातीवर होता. मी ओरडणार तोच ते कसेबसे म्हणाले, "पडली गो. उजवी पडली."

आईने डोळे उघडून मूर्तीकडे पाहिलं. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी होत्या. मग तिने बाबांकडे पाहिलं.

"होय भटजी, उजवीच पडली," ती उठत म्हणाली. "बाय, गाडी काढ."