अपडेट चालू असताना

आमच्या ताई अपडेट चालू असताना कोणाला शिंकूसुद्धा देत नसत. ढाणकीच्या भूकंपमापन केंद्रावर एकदा मला शिंक आली, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ती आल्या वाटेने परत गेली.

जमिनीची थरथर आकड्यांत नोंदवणारं यंत्र म्हणजे डिजिटायझर. अशी यंत्रं सांभाळायची आमची नोकरी. ताई इंजिनिअर, मी मदतनीस. यंत्राला चालवणारा प्रोग्रॅम त्याच्या आतच असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. तो बदलताना मध्येच वीज गेली, तर यंत्र कामातून जातं. ताईंच्या हातून एकही यंत्र गेलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना चांगला घसघशीत गर्व होता.

काम सुरू करण्याआधी त्या शेजारच्या वावरात सांगून येत, "भाऊ, घंटाभर मोटर लावू नोको. इथं ऑपरेशन चालू हाय." एका म्हाताऱ्याने खरंच पेशंटसाठी पपई आणून दिली. ताईंनी अर्धी मला दिली, अर्धी स्वतः खाल्ली, आणि "पेशंट बरा हाय, आजोबा" असं सांगून त्याची बोळवण केली.

वणीकडच्या केंद्रावर एकदा जुनी बॅटरी निकामी झाली होती, नवी आली नव्हती. पण वरून हुकूम आला, अपडेट आजच करा. ताई कुरकुरतच बसल्या. "बॅटरीबिगर? कायले एवढी घाई हाय यायले?" यंत्र थेट विजेच्या लाइनवर होतं. स्क्रीनवरची पट्टी शेवटाकडे सरकत आली होती. मी सहज लोखंडी रॅकला हात टेकला आणि हात तिथेच चिकटला. उंदरांनी वायर कुरतडली होती, हे नंतर कळलं. ओरडायला गेलो तर घशातून आवाज फुटेना.

ताईंनी वर पाहिलं आणि एका झेपेत मेन स्विच पाडला.

अंधारात मी खाली पडलो होतो आणि ताई माझ्या थोबाडीत मारत होत्या. "मेल्या, डोये उघड! दिनेश, उघड ना रे डोये!" त्या रडत होत्या. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. शेजारी यंत्र मरून पडलं होतं आणि त्यांनी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. विजेपेक्षा त्यानेच मी जास्त हादरलो.

पण खरा हादरा चौकशीत बसला. साहेबांनी विचारलं, "अपडेट किती झालं होतं?"

"होतच आलं होतं, सर."

"मग एखादं मिनिट थांबता आलं नसतं का?"

मी तिथेच, त्यांच्या समोर, जिवंत बसलो होतो!

"आलं असतं ना, सर," ताई शांतपणे म्हणाल्या. "मंग मशीन वाचलं असतं, आन् हा खुर्चीवर दिसला नसता तुमाले."

महिन्याभरात ताईंची बदली आली. लांबच्या गावी, टेबलाचं काम, यंत्राला हात लावायचा नाही. कारण दिलं होतं निष्काळजीपणा. ताई आणि निष्काळजी! वाचून मला आधी हसू आलं, मग मी तो कागद पुन्हा वाचला.

त्यांना सोडायला आर्णीच्या बसस्टँडवर माझी आईही आली. जवसाच्या चटणीचा डबा देऊन झाला तरी तिने ताईंचा हात सोडला नाही. कंडक्टर घाई करत होता.

"माह्या पोराले वाचोलं म्हून तुले शिक्षा," आई म्हणाली. "थो मेला असता, त बक्षीस देल्लं असतं का वं माय, त्याहीनं?"